हात लावून बघू दे!

पुण्याहून साताऱ्याकडे येताना नीरेवरचा पूल ओलांडला की पुणे जिल्हा संपतो आणि शिरवळ लागतं. महामार्गावरून पुढे जाणाऱ्याला शिरवळ म्हणजे कारखान्यांच्या भिंती, हॉटेलांच्या पाट्या आणि आता खंबाटकी घाट येणार याची खूण. गावात शिरणाऱ्याला मात्र नदीकाठी सुभानमंगळ या भुईकोटाचे उरलेसुरले अवशेष दिसतात. 1648 साली फत्तेखानाच्या स्वारीच्या वेळी शिवाजी महाराजांच्या माणसांनी हा कोट आदिलशाही फौजेकडून हिसकावून घेतला. स्वराज्याच्या अगदी सुरुवातीच्या लढायांपैकी ही एक. त्याच गावात दिवाळीच्या तोंडावर पोरं दगड-विटा गोळा करतात, माती कालवतात, पोत्याचं किलतान चिखलात बुडवून डोंगर उभा करतात, हळीव पेरतात आणि मग त्या किल्ल्यावर ठेवायला मावळे आणायला निघतात.

खेळण्यांच्या व्यापाराविषयी लिहायचं तर या मावळ्यांच्या गाड्यापासूनच सुरुवात करावीशी वाटते. हातगाडीवर किंवा फुटपाथवरच्या ताडपत्रीवर ओळीनं मांडलेले मावळे. मातीचे, नाहीतर प्लास्टरचे. काहींचा रंग बोटाला लागेल इतका ओला. भालदार, तोफेला बत्ती देणारा, ढाल-तलवारवाला, घोडेस्वार. मग गवळण, आडावर पाणी शेंदणारी बाई, वाघ, हत्ती आणि मधोमध सिंहासनावर महाराज. सगळे साच्यातलेच, पण रंगवणाऱ्याचा हात दर वेळी थोडा वेगळा पडतो. त्यामुळे एका साच्यातून निघालेल्या दोन मावळ्यांच्या मिशा सारख्या नसतात. पोरांची नजर नेमकी तिथं जाते. एक उचलायचा, डोळे बघायचे, खाली ठेवायचा, दुसरा उचलायचा. तलवारीचं टोक तुटलंय का ते बघायचं. विकणारा हटकत नाही. मोठी माणसं पैसे द्यायला मागं उभी असतात. निवड सगळी मुलाची.

मुलाला इतकी मोकळीक देणारी दुसरी खरेदी आता फारशी उरलेली नाही. चकचकीत डब्यातलं खेळणं पारदर्शक प्लास्टिकमागे तारेनं करकचून बांधलेलं असतं. दुकानात ‘हात लावू नये’ची पाटी असते. मोबाईलवर तर फोटोच. मोठमोठ्या खेळणी-दुकानांच्या साखळ्या कशा उभ्या राहिल्या, कशा कोसळल्या आणि आता स्पर्धेत टिकायला काय काय करतायत हे पाहिलं, तर सगळ्या आकडेवारीच्या मुळाशी हाच प्रश्न सापडतो: दुकानात शिरलेल्या मुलाला तुम्ही काय करू देता?

* * *

शिरवळसारख्या गावात खेळण्यांचा बाजार पूर्वी दोन ठिकाणी होता. एक जत्रेत आणि दुसरा स्टेशनरीच्या दुकानात. वह्या-पेन-कंपासपेट्यांच्या वरच्या फळीवर बॅट-बॉल, बाहुल्या, चावीच्या मोटारी, किचन सेट. माल भरायचा तो पुण्याच्या रविवार पेठेतून, बोहरी आळीच्या परिसरातून. दुकानदार आठवड्याला किंवा पंधरवड्याला फेरी मारायचा आणि त्या वेळी ठोक बाजारात जे असेल ते गावात यायचं. भातुकली हवी असेल तर तुळशीबाग. साताऱ्याजवळच्या पाडळीहून पुण्याला गेलेल्या नारो आप्पाजी खिऱ्यांनी पेशवाईत तुळशीबागेतलं राममंदिर बांधलं आणि पुढे त्याच्याभोवती बाजार वाढला. तिथली पितळी चूल, बंब, जातं, पोळपाट-लाटणं साताऱ्याकडच्या कितीतरी माहेरवाशिणींच्या ट्रंकांत अजून असतील.

आता खेळणी विकणारे मोजायचे तरी किती? डी-मार्टसारख्या दुकानात तांदूळ-साबणाच्या ट्रॉलीत खेळणं पडतं. ॲमेझॉन-फ्लिपकार्टची पार्सलं गल्लीत येतात. मीशोवर शंभर-दीडशे रुपयांपासून माल दिसतो. पुण्यात तर वाढदिवसाला निघालेला माणूस रिक्षात बसून दहा मिनिटांत घरपोच खेळणं मागवतो. त्यात शिरवळची लोकवस्तीही बदलली. गोदरेजचा फ्रिज आणि वॉशिंग मशिनचा कारखाना, आसपासच्या औद्योगिक वसाहती, त्यांत कामाला आलेली बिहार-उत्तर प्रदेशापासूनची तरुण कुटुंबं. पगार खात्यात, फोन हातात. दिवाळीआधी बोनस होतो. कायद्यानं तो किमान 8.33 टक्के. त्या एका आठवड्यात कपडे, फटाके, फराळ आणि पोरांसाठी एखादं मोठं खेळणं अशी खरेदी निघते. हा पैसा कुणाच्या गल्ल्यात पडणार यासाठी मोठ्या कंपन्या आता तालुक्याच्या गावापर्यंत पोहोचल्या आहेत.

यातली आपल्याला सगळ्यात जवळची कंपनी पुण्याची. फर्स्टक्राय. सुपम माहेश्वरी आणि अमिताव साहा यांनी 2010 साली ती पुण्यात सुरू केली. माहेश्वरींनी त्याआधी 2000 च्या सुमारास पुण्यातच ब्रेनव्हिसा नावाची ई-लर्निंग कंपनी काढली होती आणि ती विकलीही होती. परदेशवाऱ्यांत तान्ह्या मुलांसाठी जे मिळतं ते इथं का मिळत नाही, या एका बापाच्या अडचणीतून फर्स्टक्राय सुचली, अशी तिची जन्मकथा सांगितली जाते. सुरुवात संकेतस्थळानं झाली. त्या वेळी इंटरनेटवर धंदा काढणारे बहुतेक जण दुकान हा जुना प्रकार झाला असं मानत होते. फर्स्टक्रायनं लवकरच उलटी वाट धरली आणि गावोगावी दुकानं उघडायला घेतली. लंगोट, दुधाची बाटली, पाळणा, बाबागाडी या गोष्टी आपल्याकडची आई, आणि आईहून जास्त आजी, हातात घेऊन बघितल्याशिवाय घेत नाही. कापड चुरगळून बघणार, चाक फिरवून बघणार, शिवण उलटी करून बघणार.

ही दुकानं बव्हंशी फ्रँचायझीची. जागा आणि भांडवल स्थानिक माणसाचं. नाव, माल आणि हिशेबाची यंत्रणा कंपनीची. त्यामुळे हजाराहून अधिक दुकानं पाचशेहून अधिक शहरांत आणि गावांत उभी राहू शकली. 2016 साली कंपनीनं महिंद्रांकडून बेबीओयेचा व्यवसाय घेतला, म्हणजे एक प्रतिस्पर्धी पोटातच घातला. बेबीहग हा स्वतःचा ब्रँड वाढवला, कारण दुसऱ्याचा माल विकून मिळणारी कमाई तुटपुंजी आणि तो माल चार ठिकाणी चार भावांत मिळतो. एक गोष्ट तर फारच हुशारीची: बाळंतपणाच्या दवाखान्यांत नव्या आईला भेटीचा डबा द्यायचा. मूल घरी जायच्या आत दुकानाचं नाव घरात पोहोचलेलं!

पैशाच्या बाजूनं गोष्ट इतकी सरळ नाही. 2023-24 या वर्षात कंपनीची उलाढाल सुमारे 6,480 कोटी रुपयांची आणि तोटा 321 कोटींच्या घरात. त्याच्या आदल्या वर्षी तोटा 486 कोटींचा होता. ऑगस्ट 2024 मध्ये शेअर बाजारात आली तेव्हा 465 रुपयांचा शेअर पहिल्याच दिवशी 651 वर उघडला, लोकांनी पेढे वाटावेत असा. पुढच्याच वर्षी तो 465 च्या खाली उतरला. एवढी दुकानं, एवढं नाव आणि तरीही नफ्याची वाट लांबच. स्पर्धा कुठवर पोचली आहे हे यावरून कळावं.

फर्स्टक्रायचं मर्म मला दिसतं ते डायपरात. डायपर संपतो. आठवड्यात पुन्हा आणावा लागतो आणि त्या फेरीत एखादं खुळखुळ्याचं, एखादं ठोकळ्यांचं खेळणं पिशवीत पडतं. खेळणं एकटं विकायचं म्हटलं तर गिऱ्हाईक वर्षातून दोन-तीनदाच येणार: वाढदिवसाला, दिवाळीला, मे महिन्याच्या सुट्टीत. मधले महिने भाडं कशातून भरायचं?

* * *

गिऱ्हाईक परत कशानं येईल, हाच विचार सत्तर-पंचाहत्तर वर्षांपूर्वी अमेरिकेत एका तरुणानं केला होता. चार्ल्स लाझारस त्याचं नाव. महायुद्ध संपलेलं, घरोघरी पाळणे हलणार हे ओळखून 1948 साली त्यानं वॉशिंग्टनमध्ये लहान मुलांच्या फर्निचरचं दुकान काढलं. गिऱ्हाइकं विचारू लागली, खेळणी आहेत का? त्यानं थोडी ठेवली आणि त्याच्या ध्यानात आलं की पाळणा एकदा घेतला की दुसऱ्या, तिसऱ्या मुलालाही तोच चालतो. खेळणं मात्र मोडतं आणि आई परत येते. 1957 मध्ये त्यानं फक्त खेळण्यांचं मोठं दुकान काढलं. टॉइज आर अस. पुढची तीस-चाळीस वर्षं ही साखळी म्हणजे खेळण्यांच्या जगातली राजधानी होती. गोदामाएवढी दुकानं, छतापर्यंत भरलेल्या फळ्या. आजूबाजूची छोटी खेळण्यांची दुकानं तिच्यापुढे टिकली नाहीत.

त्या साखळीचा शेवट सगळे एका वाक्यात सांगतात: ॲमेझॉननं खाल्ली. मला हे अर्धवट वाटतं. 1998 मध्येच वॉलमार्टनं खेळण्यांच्या विक्रीत तिला मागं टाकलं होतं, तेव्हा ॲमेझॉन पुस्तकांतून नुकती बाहेर पडत होती. वॉलमार्ट नाताळात खेळणी तोट्यात विकू शकत होती, कारण गिऱ्हाईक त्याच फेरीत दूध, मांस, कपडे घेऊन जायचं. केवळ खेळणी विकणाऱ्याला तोटा भरून काढायला दुसरं काही नव्हतं. मग 2000 साली टॉइज आर असनं स्वतःची ऑनलाइन विक्री ॲमेझॉनच्याच हाती सोपवली, दहा वर्षांच्या करारानं. ॲमेझॉननं इतरांचीही खेळणी विकायला घेतली, 2004 मध्ये प्रकरण कोर्टात गेलं, 2006 मध्ये करार मोडला. ऑनलाइन धंदा शिकायची ती सगळी वर्षं हातची गेली.

आणि खरा घाव 2005 चा. केकेआर, बेन आणि व्होर्नाडो या तीन गुंतवणूकदारांनी मिळून कंपनी 660 कोटी डॉलरना विकत घेतली आणि त्यासाठी काढलेल्या कर्जाचं ओझं कंपनीच्याच डोक्यावर टाकलं. पुढे वर्षाला 40 कोटी डॉलरच्या आसपास पैसा नुसत्या व्याजात जायचा. दुकानांना रंग द्यायला, खेळायला मोकळी जागा करायला, चांगली माणसं ठेवायला पैसा उरेना. मुलं यायची ती कळकट, मंद उजेडाच्या गल्ल्यांत. विचारायला गेलं तर कुणी सापडायचं नाही. सप्टेंबर 2017 मध्ये दिवाळखोरीचा अर्ज, मार्च 2018 मध्ये अमेरिकेतली सगळी दुकानं बंद करायची घोषणा. सुमारे 33 हजार लोकांच्या नोकऱ्या गेल्या. घोषणेनंतर आठवड्याभरात, 94 वर्षांचे लाझारसही गेले. सावकारी पाशात गेलेली शेती ज्यांनी सातारा-सांगलीकडे पाहिली आहे, त्यांना ही गोष्ट समजायला अर्थशास्त्र शिकावं लागणार नाही.

नाव मेलं नाही. 2021 नंतर अमेरिकेत ते मेसीज या मोठ्या दुकानांच्या आतल्या एका कोपऱ्यात परतलं. जे कधी स्वतः गोदामाएवढं होतं, ते दुसऱ्याच्या दुकानातला पाहुणा झालं.

हॅम्लेजची कहाणी वेगळी, आणि तिच्यात मालक आपल्या देशातला आहे. विल्यम हॅम्लेनं 1760 साली लंडनला काढलेलं हे दुकान. पानिपतच्या आदल्या वर्षीचं! 1901 मध्ये आगीत जळलं, दुसऱ्या महायुद्धात पाच वेळा बॉम्ब पडले, तरी विक्री थांबली नाही. गेल्या वीस वर्षांत ते आइसलंडच्या, फ्रान्सच्या, चीनच्या मालकांकडे फिरलं. 2010 मध्ये रिलायन्सनं त्याचं पहिलं भारतीय दुकान मुंबईत, लोअर परळला उघडलं आणि 2019 साली सुमारे 6.8 कोटी पौंडांना अख्खी कंपनीच घेतली. हॅम्लेज स्पर्धेला उत्तर देतं ते खेळून दाखवून. दारातच कुणी साबणाचे फुगे सोडत असतो, कुणी विमान फेकून ते पुन्हा हातात झेलत असतो. मुलाला ओढून घ्यायची ही जत्रेतलीच रीत, फक्त वातानुकूलित. पण मॉलमधलं भाडं असं की तिथली किंमत शिरवळच्या कामगाराला परवडणार नाही. हे ओळखून रिलायन्सनं अलीकडे रोवन नावानं छोटी, स्वस्तातली खेळण्यांची दुकानं काढायला सुरुवात केली आहे. 2022 मध्ये इटलीच्या प्लास्टिक लेग्नोच्या भारतातल्या खेळणी-कारखान्यात 40 टक्के वाटाही घेतला. विकणाराच बनवणारा होऊ पाहतोय.

* * *

बनवण्याचा विषय निघाला तर सरकारचाही उल्लेख करावा लागतो, कारण गेल्या काही वर्षांत दुकानाच्या फळीवर काय दिसणार हे स्पर्धेइतकंच दिल्लीनंही ठरवलं. 2019 मध्ये दिल्ली परिसरातून घेतलेल्या 121 खेळण्यांची तपासणी झाली आणि त्यांतली 67 टक्के सुरक्षेच्या कसोटीत नापास ठरली. फेब्रुवारी 2020 मध्ये आयात शुल्क 20 टक्क्यांवरून 60 वर गेलं, 2023 मध्ये 70 वर. 1 जानेवारी 2021 पासून चौदा वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांना आयएसआय चिन्ह सक्तीचं झालं. 2014-15 मध्ये 33 कोटी डॉलरची आयात 2022-23 मध्ये 16 कोटींच्या आत आली आणि निर्यात साडेनऊ कोटींवरून साडेबत्तीस कोटींवर गेली. 22 सप्टेंबर 2025 पासून बॅटरी नसलेल्या बहुतेक खेळण्यांवरचा जीएसटी 12 वरून 5 टक्के झाला.

चिन्ह कसं ओळखायचं हे पालकांनी एकदा नीट पाहून ठेवावं. डब्याच्या मागे किंवा बाजूला आयएसआयची खूण, तिच्या डोक्यावर मानकाचा क्रमांक (साध्या खेळण्याला 9873, विजेवरच्याला 15644) आणि खाली सीएम/एल या अक्षरांपुढे परवान्याचा आकडा. तो आकडा बीआयएस केअर ॲपमध्ये टाकला की कारखान्याचं नाव येतं. नाव आलं नाही तर खूण खोटी. जानेवारी 2023 मध्ये मॉल आणि विमानतळांवरच्या बड्या साखळ्यांच्या दुकानांतूनसुद्धा बिनखुणेची खेळणी जप्त झाली. महिन्याभरात देशभरात 18,600. म्हणजे मोठ्या पाटीकडे बघून खात्री धरता येत नाही. बटणासारखी छोटी बॅटरी दीड-दोन वर्षांच्या मुलाच्या घशात अडकली तर अन्ननलिका जळू शकते, आणि एकाहून जास्त चुंबकं पोटात गेली तर आतडं फाटू शकतं. हे सांगायला डॉक्टर लागू नये, दुकानदारानंच सांगावं.

इथं मला अरविंद गुप्तांची आठवण येते. पुण्यात आयुकाच्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेत त्यांनी कित्येक वर्षं आगकाड्या, सायकलची व्हॉल्व्ह ट्यूब, जुनी सीडी, रिकाम्या बाटल्या यांतून खेळणी करून दाखवली. 2018 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. मूल खेळणं मोडतं ते त्याच्या पोटात काय आहे हे बघायला, हा त्यांच्या कामाचा पाया आहे. खेळण्यांच्या साखळ्यांनी त्यांच्याकडे प्रतिस्पर्धी म्हणून पाहायचं कारण नाही. उलट, मोडलेल्या खेळण्याचं काय करायचं, हा साखळ्यांनी कधीच न सोडवलेला प्रश्न त्यांनी हातावेगळा करून ठेवला आहे.

लाझारसला मोडकं खेळणं म्हणजे पुढचं गिऱ्हाईक दिसलं. आजच्या शिरवळमध्ये ते गणित चालत नाही. आठशे रुपयांची रिमोटची गाडी चार दिवसांत बंद पडली की आई परत येत नाही, ती मोबाईल काढते आणि पुढच्या वेळी दोनशेची मागवते. दोन्ही जाणार कचऱ्यातच, तर स्वस्तातली बरी. आणि मूल? ते सात-आठ वर्षांचं झालं की खेळणंच सोडतं आणि तोच मोबाईल हातात घेतं. खेळण्यांच्या दुकानाचा सगळ्यात मोठा प्रतिस्पर्धी दुसरं दुकान नाहीच. मुलांनी खेळणंच सोडल्याचा हा तोटा तर कुठल्याच ताळेबंदात दिसत नाही, म्हणून त्याची जास्त काळजी वाटते.

अशा वेळी तालुक्याच्या गावात येणाऱ्या साखळीकडून, किंवा तिची पाटी लावणाऱ्या स्थानिक दुकानदाराकडून, माझ्या अपेक्षा फार साध्या आहेत. दर प्रकारचं एक खेळणं डब्याबाहेर काढून ठेवा. ते खराब होणार, धरून चाला. त्याचा खर्च जाहिरातीत लिहा. गुडघ्याच्या उंचीच्या दोन फळ्या मुलांसाठी मोकळ्या ठेवा आणि तिथली ‘हात लावू नये’ची पाटी काढा. मालाची यादी पुण्यात बसलेल्या संगणकानं ठरवू नये. दिवाळीच्या पंधरवड्यात शिरवळच्या दुकानात मावळे असलेच पाहिजेत, आणि ते कुंभाराकडून, मूर्तिकाराकडून रोख पैसे देऊन घेतलेले. जत्रांच्या दिवसांत भिंगरी, पिपाणी, लाकडी गाडी. गाडीची चाकं, रिमोटचे सेल, ठोकळ्यांतले हरवलेले तुकडे सुटे मिळावेत. आणि संध्याकाळी पहिली पाळी सुटल्यावर येणारा बाप, ज्याच्या हातात अर्धा तास आणि तीनशे रुपये आहेत, त्याला मुलाचं वय विचारून नीट दाखवणारा एक माणूस काउंटरवर असावा. त्याला त्या तीनशे रुपयांतलं चांगलं काय ते ठाऊक असावं, आणि मुलाला ते दोन मिनिटं खेळून बघू द्यायचा त्याला अधिकार असावा.

फ्रँचायझीच्या करारात यातलं काही लिहिलेलं नसेल. शिरवळमध्ये कुणी असं दुकान काढणार असेल, तर त्यानं कंपनीसमोर बसताना भाडं आणि कमिशन यांच्या बरोबरीनं या गोष्टी कागदावर मागून घ्याव्यात. सही व्हायच्या आधी, नंतर नाही.